दुकानदार नसलेलं दुकान

परदेशात घर मांडणाऱ्या माणसाला त्रास कशाचा होतो असं विचारलं, तर भाषा, थंडी आणि एकटेपणा ही उत्तरं हमखास येतात. ती खरीच आहेत. पण पहिल्या काही महिन्यांत रोजच्या रोज जीव मेटाकुटीला येतो तो किराणा आणताना. पोळ्यांसाठी आणलेलं पीठ लाटताना तुटतं. दुधावर साय धरत नाही. रविवारी सकाळी चहाला दूध नसतं आणि गावातलं एकही दुकान उघडं नसतं. तापाची साधी गोळी सुपरमार्केटात मिळत नाही. पाण्याच्या बाटलीवर लिहिलेली किंमत आणि बिलावरची किंमत जुळत नाही. एकेक गोष्ट बघायला गेलं तर क्षुल्लक. पण दिवसभरात अशा पाच-सहा झाल्या, की शिकलासवरलेला, दोन मुलं वाढवलेला, हिशेबाला पक्का असलेला माणूसही स्वतःला अडाणी समजू लागतो. तो अडाणी नसतो. त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं, एवढंच.

या प्रकरणासाठी जर्मनी हा देश घेतला आहे आणि त्याला कारण आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८पासून भगिनी शहरं आहेत. पुण्याच्या आसपास, विशेषतः चाकणच्या पट्ट्यात, अनेक जर्मन कंपन्यांचे कारखाने आहेत. २०२४मध्ये महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांनी कुशल मनुष्यबळासाठी करारही केला. पूर्वी अभियंते आणि विद्यार्थी जात होते, आता परिचारिका, वीजतंत्री आणि वाहनचालकही जायची तयारी करत आहेत. त्यांच्यासोबत कुटुंबं जाणार, आणि त्या कुटुंबांची पहिली परीक्षा कचेरीत होणार नाही, दुकानात होणार आहे.

आपल्याकडे माहिती कुठे असते?

आपण महाराष्ट्रात खरेदी करतो तेव्हा वस्तू विकत घेतो आणि तिच्याबरोबर माहिती फुकट घेतो. गिरणीवाला डबा हातात घेतानाच विचारतो, ‘पोळ्यांचं का? बारीक दळू ना?’ वाण्याला ‘पुरणाला डाळ द्या’ एवढं सांगितलं तरी पुरतं. भाजीवाली आपणहून म्हणते, ‘ताई, भरताला हे घ्या, भरल्या वांग्याला ती काटेरी बघा.’ मेडिकलवाला ‘जेवल्यावर घ्या बरं का’ असं बजावतो. कुठला गहू चांगला फुगतो, कुठल्या म्हशीच्या दुधाला साय जाड येते, कुठला तांदूळ नवा आहे आणि पाणी कमी घालायला हवं, हे सारं ज्ञान या माणसांच्या डोक्यात असतं. आपल्याला ते शिकावं लागत नाही. विचारलं की मिळतं.

जर्मन सुपरमार्केटात माल हजारो प्रकारचा असतो, पण हा माणूस नसतो. माहिती मात्र असते. ती पाकिटावर छापलेली असते, फळीवरच्या चिठ्ठीत असते, दाराच्या काचेवर लावलेली असते आणि बरीचशी कायद्यात असते. जे काम आपल्याकडे दुकानदार करतो ते तिथे गिऱ्हाइकाने स्वतः करायचं असतं. वस्तू ओळखायची, निवडायची, पिशवीत भरायची, बाटली परत आणून द्यायची आणि दुकान कधी बंद असतं ते ध्यानात ठेवायचं. नव्या माणसाच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे. म्हणून ‘इथे काहीच मिळत नाही’ असं म्हणत बसण्यापेक्षा माहिती कुठे लिहिलेली असते ते शोधणं जास्त उपयोगाचं.

रविवारचं कुलूप

पहिला धक्का बसतो तो रविवारचा. आपल्याकडे सणावारीही वाण्याचं अर्धं शटर वर असतं. जर्मनीत रविवारी किराणा, कपडे, भांडी, फर्निचर सगळी दुकानं बंद असतात. याला नुसता रिवाज समजू नये, ती राज्यघटनेतली तरतूद आहे. १९१९च्या वायमार राज्यघटनेच्या १३९व्या कलमाने रविवार आणि सरकारी सुट्ट्या हे विश्रांतीचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस म्हणून संरक्षित केले. १९४९च्या राज्यघटनेने १४०व्या कलमातून ती तरतूद जशीच्या तशी पुढे चालू ठेवली. बर्लिनने नाताळापूर्वीच्या चारही रविवारी दुकानं उघडायला परवानगी दिली होती. २००९मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती घटनेशी विसंगत ठरवली. या प्रश्नावर चर्च आणि कामगार संघटना एका बाजूला उभ्या राहतात, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

इतर दिवसांच्या वेळांसाठी १९५६मध्ये वेगळा कायदा झाला. तेव्हा दुकानं संध्याकाळी साडेसहाला बंद होत आणि शनिवारी दुपारी दोनला. १९९६मध्ये आठवड्याच्या दिवसांची वेळ रात्री आठपर्यंत वाढली, २००३मध्ये शनिवारचीही आठपर्यंत गेली. २००६पासून हा अधिकार राज्यांकडे आला. त्यामुळे बर्लिनमध्ये सोमवार ते शनिवार दुकानं रात्रीही उघडी ठेवता येतात, पण बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, आठ वाजता दार लागतं. बर्लिनच्या मित्राचा सल्ला म्युनिकमध्ये चालत नाही तो यामुळे.

खरी कसोटी ईस्टरला लागते. गुड फ्रायडेला बंद, शनिवारी उघडं, मग रविवार आणि सोमवार पुन्हा बंद. त्या एका शनिवारी दूध, पाव, भाजी सगळं आणून ठेवावं लागतं. २५ आणि २६ डिसेंबरलाही दोन्ही दिवस कुलूप असतं, आणि २४ला दुपारनंतर बाजार आवरतो. अडचणीला मोठ्या रेल्वे स्थानकावरची दुकानं, विमानतळ आणि पेट्रोल पंप असतात. बेकऱ्या रविवारी सकाळी काही तास उघडतात. पेट्रोल पंपावर दूध मिळतं, पण महाग.

या नियमाने गैरसोय होते यात शंका नाही. पण काउंटरवर बसलेल्या बाईलाही आठवड्यातला एक दिवस आपल्या मुलांबरोबर खात्रीने मिळतो, आणि तो मालकाच्या मर्जीवर अवलंबून नसतो. आपल्याकडच्या मॉलमध्ये दिवाळीच्या पाडव्याला उभं राहून काम करणाऱ्या मुलींचा विचार केला, तर या कुलपाकडे बघण्याची नजर बदलते.

पिठावरचा आकडा

मराठी घरात सगळ्यात मोठं दुःख पोळीचं. फळीवर गव्हाच्या पिठाची पाकिटं ओळीने मांडलेली असतात आणि त्यांवर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. हे आकडे राखेचे आहेत. शंभर ग्रॅम कोरडं पीठ पूर्ण जाळलं तर मागे साधारण किती मिलिग्रॅम राख उरते, ते हा आकडा सांगतो. जळून न जाणारे क्षार गव्हाच्या सालीत आणि सालीलगतच्या थरात जास्त असतात. म्हणजे आकडा लहान तेवढा कोंडा कमी आणि पीठ पांढरं, आकडा मोठा तेवढं पीठ सावळं.

४०५ हे आपल्या मैद्याच्या जवळचं पीठ आहे. केक आणि करंजीच्या पारीला ते चांगलं. ५५० पावाचं. १०५०मध्ये कोंड्याचा बराच अंश असतो. सबंध गहू दळलेल्या पिठावर आकडा नसतो, त्यावर ‘फोलकॉर्न’ असं लिहिलेलं असतं. नवीन माणूस एकतर पांढरं दिसतं म्हणून ४०५ उचलतो आणि पोळी चिवट होते, नाहीतर पौष्टिक म्हणून फोलकॉर्न आणतो आणि पोळी कडेला चिरते.

फोलकॉर्न म्हणजे सबंध गहूच, मग कणकेसारखी पोळी का होत नाही? कारण दळणात आहे. आपली चक्की दगडांच्या घर्षणावर चालते. त्या दाबाने आणि उष्णतेने गव्हातल्या पिष्टाचे कण बऱ्याच प्रमाणात फुटतात, आणि फुटलेले कण पाणी जास्त ओढून घेतात. म्हणून आपली कणीक भरपूर पाणी पिते, मऊ राहते आणि तव्यावर फुगते. युरोपातल्या गिरण्यांत पोलादी रूळ दाणा टप्प्याटप्प्याने फोडतात, त्यात पिष्टाचे कण कमी फुटतात. शिवाय कोंड्याचे पापुद्रे मोठे राहतात, आणि लाटताना पोळी नेमकी तिथेच फाटते. लोकवन नाहीतर सिहोर गहू निवडून, पाखडून दळून आणणाऱ्या हाताला हा फरक पहिल्या गोळ्यालाच कळतो.

यावर उपाय आहेत. फोलकॉर्न आणि ५५० निम्मं-निम्मं घ्यावं, नाहीतर नुसतं १०५० वापरावं. पाणी चांगलं कोमट घ्यावं. कणीक नेहमीपेक्षा सैल भिजवावी आणि निदान अर्धा-पाऊण तास झाकून ठेवावी, म्हणजे कोंडा पाणी पिऊन मऊ होतो. मग तेलाचा हात लावून पुन्हा मळावी. याने घरची पोळी होत नाही, पण डब्यात नेता येईल अशी पोळी होते. एक सावधगिरी मात्र हवी. ‘रोगन’ लिहिलेलं पीठ राईचं असतं. त्यात गव्हासारखा चिवटपणा धरत नाही, गोळा हाताला चिकटून बसतो. ‘डिंकेल’ म्हणजे गव्हाचीच एक जुनी जात. तिची पोळी मऊ होते, पण कणीक लवकर सैल पडते, म्हणून पाणी बेताने घालावं. भारतीय दुकानातला आटा मिळतोच. पण ते दुकान जवळ नसलं आणि घरात पाहुणे आले असले, तर हे आकडे अडचण भागवतात.

बटाटा, दूध, तूप

बटाट्याच्या पिशवीवरही अशीच माहिती असते, आणि ती आपल्या फार कामाची आहे. ‘फेस्टकोखेंड’ बटाटा उकडल्यावर घट्ट राहतो, फोडी मोडत नाहीत. तो काचऱ्यांना आणि रस्सा भाजीला घ्यावा. ‘मेलिश कोखेंड’ पिठूळ असतो, उकडला की हाताने कुस्करता येतो. बटाटेवड्याच्या सारणाला, आलू पराठ्याला आणि साबुदाणा वड्याला तोच हवा. तिसरा या दोहोंच्या मधला. बहुतेक पिशव्यांवर घट्टला हिरवा, मधल्याला लाल आणि पिठुळाला निळा रंग असतो. वडे तेलात फुटले म्हणून बाई स्वतःच्या हाताला दोष देते, आणि दोष बटाट्याच्या जातीचा असतो.

दुधाच्या खोक्यावर ३.५ नाहीतर १.५ टक्के स्निग्धांश लिहिलेला असतो. ‘हा-मिल्श’ हे अतिशय उच्च तापमानाला तापवून बंद केलेलं दूध, ते फ्रिजबाहेरच्या फळीवर असतं आणि महिनोन्‌महिने टिकतं. फ्रिजमधलं ताजं दूध वेगळं. पण दोन्हींवर साय नीट धरत नाही, कारण दाबाखाली स्निग्धांशाचे थेंब इतके बारीक केलेले असतात की ते वर तरंगून येत नाहीत. साय साठवून विरजायची, लोणी काढायचं आणि तूप कढवायचं ही घरची साखळी इथे तुटते. जैविक दुधाच्या काही बाटल्यांवर ही प्रक्रिया केलेली नाही असं लिहिलेलं असतं. त्या दुधावर साय येते.

तुपाला मात्र तिथे स्वतःची वस्तू आहे, ‘बुटरश्माल्त्स’. लोण्यातलं पाणी आणि दुधाचा अंश काढून टाकला की हे उरतं. आपण बेरी तांबूस होईपर्यंत कढवतो तसा खमंग वास त्याला नसतो, पण वरणभातावर आणि शिऱ्यात ते चालतं. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायची. नुसतं ‘श्माल्त्स’ लिहिलेलं असेल तर ती बहुधा डुकराची चरबी असते. एका शब्दाच्या चुकीने शाकाहारी घरात नको ती वस्तू येऊ शकते.

श्रीखंडासाठी ‘क्वार्क’ आहे. विरजलेल्या दुधातलं पाणी काढून केलेला हा मऊ प्रकार आपल्या चक्क्याचा जवळचा नातेवाईक. डब्यावर ४० टक्के असं वाचून बिचकू नये. तो स्निग्धांश कोरड्या भागातला असतो, प्रत्यक्ष डब्यात तो १०-११ टक्क्यांच्या आसपास असतो. ‘मागर’ लिहिलेल्या डब्यात स्निग्धांश जवळपास नसतोच, त्याचं श्रीखंड कोरडं लागतं. ४० टक्क्यांचा क्वार्क फडक्यात बांधून रात्रभर टांगावा, सकाळी साखर घालून पुरणयंत्रातून काढावा, वेलची-जायफळ आणि दुधात खललेलं केशर घालावं. आपल्या चक्क्याइतका तो आंबट नसतो, म्हणून चमचाभर आंबट दही मिसळलं तर चव जुळून येते. जर्मनीतल्या कित्येक मराठी घरांत पाडव्याचं श्रीखंड असंच होतं.

हिरवा ठिपका नसलेल्या देशात

भारतात पाकीटबंद खाद्यपदार्थावर शाकाहारासाठी हिरवा ठिपका असतो. तो आपल्या इतका अंगवळणी पडलेला असतो, की त्याच्याशिवाय खरेदी करताना शाकाहारी माणूस अक्षरशः आंधळा होतो. जर्मनीत अशी सक्तीची खूण नाही. पानाचं चित्र असलेली पिवळी ‘व्ही’ची खूण काही कंपन्या लावतात, पण तो त्यांच्या इच्छेचा भाग. खूण नसलेला पदार्थ शाकाहारी असू शकतो आणि नसूही शकतो.

मग ‘त्सुटाटेन’ ही घटकांची यादी वाचावी लागते. युरोपीय संघाच्या नियमाने १४ ॲलर्जीकारक घटक त्या यादीत उठून दिसतील असे छापावे लागतात. दूध, अंडं, गहू, शेंगदाणे, तीळ, मासे हे त्यात येतात. अंडं न खाणाऱ्यांना याचा मोठा उपयोग होतो. नूडल्स आणि बिस्किटांच्या यादीत ‘आय’ हा ठळक शब्द दिसला की त्यात अंडं आहे. जिलेटिन मात्र मांसजन्य असूनही या १४ घटकांत नाही, म्हणून ते ठळक असेलच असं नाही. ते चघळायच्या गोळ्यांत आणि काही गोड दह्यांत असतं, शोधूनच वाचावं लागतं. बटाट्याच्या तयार सॅलडमध्ये ‘श्पेक’ म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात.

चीजचा प्रश्न आणखी नाजूक. ते गोठवायला वापरलेलं विकर वासराच्या जठरातलं असू शकतं, किंवा सूक्ष्मजीवांपासून केलेलं असू शकतं. नियम असा आहे, की नेहमीच्या विकराखेरीज आणि जिवाणूंखेरीज काही घातलं नसेल तर चीजवर घटकांची यादी देण्याची सक्ती नाही. म्हणजे यादीत दिसलं नाही म्हणून नसेल असं धरता येत नाही. ज्यांच्यासाठी हा श्रद्धेचा प्रश्न आहे त्यांनी सूक्ष्मजीवजन्य विकर असल्याचं स्पष्ट लिहिलेलं, नाहीतर व्ही-खूण असलेलं चीजच घ्यावं. इटलीचं खरं पार्मेजान तर नियमानेच वासराच्या विकराने होतं.

बाटलीची अनामत

पाण्याची बाटली १९ सेंटला लिहिलेली असते आणि बिलात ४४ सेंट लागतात. वरचे २५ सेंट म्हणजे अनामत, तिला ‘प्फांड’ म्हणतात. १९९१च्या पॅकेजिंग नियमात असं ठरलं होतं, की पुन्हा भरून वापरायच्या बाटल्यांचं प्रमाण ७२ टक्क्यांच्या खाली घसरलं तर एकदाच वापरायच्या बाटल्यांवर आणि डब्यांवर सक्तीची अनामत लागू होईल. प्रमाण घसरलं आणि १ जानेवारी २००३पासून अनामत लागू झाली. त्या वेळी पर्यावरणमंत्री युर्गेन ट्रिटिन होते. सुरुवातीला एका दुकानची बाटली दुसरं दुकान घेत नसे. मे २००६पासून ही अडवणूक संपली. ज्या सामग्रीच्या अनामतीच्या बाटल्या दुकान विकतं, त्या सामग्रीची कुठलीही बाटली त्याला घ्यावी लागते. पुन्हा भरायच्या बाटल्यांची अनामत वेगळी. साध्या बियरच्या बाटलीला ८ सेंट, पाण्याच्या आणि सरबताच्या बाटलीला बहुधा १५.

परतीचं काम यंत्र करतं. बाटली गोल भोकात आडवी ठेवली की यंत्र ती फिरवून खुणेची पट्टी वाचतं आणि आत ओढून घेतं. शेवटी बटण दाबलं की चिठ्ठी येते. ती त्याच दुकानाच्या काउंटरवर द्यायची, बिलातून पैसे वजा होतात किंवा रोख मिळतात. म्हणून बाटली चुरगाळू नये आणि तिच्यावरचं लेबल फाडू नये. खूण वाचता आली नाही तर यंत्र बाटली परत बाहेर सरकवतं. मुंबईत आरेच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या परत करून वाढलेल्या पिढीला यात नवल वाटू नये. रस्त्यावर कचरापेटीच्या शेजारी नीट उभ्या केलेल्या बाटल्या दिसल्या, तर त्या बेशिस्तीच्या नव्हेत. बाटल्या गोळा करून चार पैसे मिळवणाऱ्या वृद्धांना आणि गरिबांना कचऱ्यात हात घालावा लागू नये म्हणून लोक त्या बाहेर ठेवतात.

किंमत, रोकड आणि काउंटरची घाई

पाकीट उलटून एमआरपी शोधायची आपली सवय तिथे निकामी ठरते. भारतात कमाल किरकोळ किंमत छापणं सक्तीचं आहे. जर्मनीत दुकान आपला भाव स्वतः ठरवतं, आणि उत्पादकाने दुकानांवर विक्रीचा भाव लादायला कायद्याने बंदी आहे. पुस्तकं हा ठळक अपवाद. त्यांची किंमत कायद्याने ठरलेली असते आणि देशभर सारखी राहते. त्यामुळे तीच वस्तू दोन दुकानांत दोन भावांना मिळाली तर फसवणूक झाली असं समजू नये. फळीवरच्या चिठ्ठीत मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरांत किलोचा नाहीतर लिटरचा भाव दिलेला असतो. २०२२पासून तो किलो-लिटरमध्येच द्यावा लागतो. लहान आणि मोठ्या पाकिटातला खरा फरक तिथे कळतो. महिन्याचं बजेट आखणाऱ्या विद्यार्थ्याने आधी हे बारीक अक्षर वाचायला शिकावं. लिहिलेल्या भावात कर धरलेला असतो, बहुतेक खाद्यपदार्थांवर ७ टक्के आणि इतर बहुतेक वस्तूंवर १९ टक्के.

भाजीवाल्याकडेही क्यूआर कोड लावून पैसे देणाऱ्या माणसाला ‘फक्त रोख’ अशी पाटी बघून आश्चर्य वाटतं. लहान बेकऱ्या, आठवडी बाजार आणि छोटी खानावळ यांसाठी खिशात नोटा आणि नाणी ठेवावीतच. सुपरमार्केटची ढकलगाडी सोडवायलाही एक युरोचं नाणं लागतं. गाडी जागेवर लावली की ते परत मिळतं.

काउंटरवरच्या घाईने मात्र अनेकांच्या छातीत धडधडतं. बसलेला कर्मचारी माल झपाझप सरकवतो, मागे रांग असते आणि पिशवी भरायला कुणी नसतं. ही घाई त्या व्यापारपद्धतीतून आली आहे. एसेनच्या आल्ब्रेख्त कुटुंबातल्या दोन भावांनी दुसऱ्या महायुद्धानंतर आईच्या दुकानाचा पसारा वाढवला आणि १९६२मध्ये आल्डी हे नाव आलं. मोजका माल, खोक्यांतच मांडणी, कमी माणसं आणि त्यामुळे कमी भाव, असं त्यांचं सूत्र होतं. पुढे ते सगळ्या देशाच्या सवयीचा भाग झालं. दुधाचा स्वस्त भाव याच वेगातून येतो. यावर सोपी युक्ती अशी, की माल तिथे पिशवीत भरायचाच नाही. सगळं पुन्हा गाडीत ठेवायचं, पैसे द्यायचे आणि पलीकडे जाऊन सावकाश भरायचं. जड वस्तू पट्ट्यावर आधी ठेवाव्यात, म्हणजे त्या गाडीत खाली बसतात आणि टोमॅटो वर राहतात.

तापाची गोळी

जर्मनीत ‘ड्रोगेरी’ नावाच्या दुकानात साबण, शांपू, जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि खोकल्याच्या वड्या मिळतात. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन मिळत नाहीत. ती फक्त ‘आपोथेके’त, म्हणजे औषधविक्रेत्याकडे. तिथे औषधशास्त्राचं शिक्षण घेतलेला माणूस मालक असतो, आणि त्याला एका मुख्य दुकानाबरोबर जास्तीत जास्त तीन शाखा चालवता येतात. २००९पासून १० ग्रॅमपेक्षा जास्त पॅरासिटामॉल असलेल्या पाकिटाला डॉक्टरची चिठ्ठी लागते. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या २० गोळ्या, त्यापुढे नाही. या गोळीचा अतिरेक यकृत निकामी करू शकतो, म्हणून ही मर्यादा आहे. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मागूच नये.

रात्री-अपरात्री मूल तापलं तर त्या रात्री परिसरातली कुठली आपोथेके उघडी आहे ते प्रत्येक आपोथेकेच्या दारावर लिहिलेलं असतं. रात्रीच्या आणि रविवारच्या सेवेला अडीच युरो जादा पडतात. या दुकानात मात्र समोर माणूस असतो, आणि तो विचारतो. किती वजन, आणखी कुठलं औषध चालू आहे, किती दिवस झाले. मोडकंतोडकं जर्मन असलं तरी इथे संकोच करू नये.

जिथे दुकानदार भेटतो

जर्मनीतही समोर उभा राहून बोलणारा दुकानदार आहे. तो बहुधा स्वतःच कधीतरी बाहेरून आलेल्या घरातला असतो. ३० ऑक्टोबर १९६१ला तुर्कस्तानाशी कामगार भरतीचा करार झाला, लाखो तुर्की कामगार आले आणि त्यांच्यामागे त्यांची भाजीची दुकानं आली. त्यांच्याकडे भेंडी असते, लहान वांगी असतात, पुदिना आणि कोथिंबिरीच्या भरघोस जुड्या असतात, पोत्यातून मसूर आणि हरभरे असतात. कोथिंबिरीशेजारी तशीच दिसणारी पार्सली असते, ती ओळखायला पान चुरडून वास घ्यावा. १९८३नंतर श्रीलंकेतल्या हिंसाचारातून आलेल्या तमिळ लोकांनीही दुकानं काढली. तिथे शेवग्याच्या शेंगा, कढीपत्ता, ओला नारळ आणि तूरडाळ मिळते. या माणसांनी आपल्या मुलांसाठी जे शोधलं त्याचा फायदा आज आपल्याला होतो आहे. त्यांच्याकडून भाजी घेताना दोन शब्द बोलावेत. कुठलं पीठ चांगलं आणि कुठला तांदूळ नवा, हे तेच सांगतात.

जर्मनीला जाणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात आता भाषेचे वर्ग चालतात, मुलाखतीची तयारी होते, कागदपत्रांची यादी दिली जाते. पिठावरचे आकडे, बाटलीची अनामत, ईस्टरचा शनिवार, नुसतं श्माल्त्स आणि तापाची गोळी यांचा धडा त्यात नसेल तर तो असायला हवा, आणि कामाला जाणाऱ्याइतकाच त्याच्यासोबत जाणाऱ्या जोडीदारासाठी असायला हवा. कारण नोकरी करणाऱ्याला कचेरीत चार माणसं भेटतात, विचारायला सोय असते. घर सांभाळणाऱ्याला परक्या दुकानात एकट्यानेच उभं राहावं लागतं. त्याने विचारलेला ‘पोळीला कुठलं पीठ घेऊ?’ हा प्रश्न किरकोळ नाही. त्यावर त्या घराचं दोन वेळचं जेवण अवलंबून असतं, आणि परक्या गावात माणसाचा जीव रमतो की नाही, हेही बऱ्याच अंशी त्यावरच ठरतं. तिथे आधी गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाने ही माहिती लिहून, शक्य तर सोबत जाऊन, नव्याला द्यावी. हे काम मंडळाच्या गणेशोत्सवाइतकंच महत्त्वाचं आहे.